औंधची आई आणि माळ्यावरची बाई

माझं माहेर सातारा आणि सासर सांगली. हायवेनं निघालं, की कऱ्हाड, इस्लामपूर करत तीन तासांत माणूस घरी पोचतो. त्यामुळे लग्नानंतरची सगळी वर्षं माझी हीच एक वाट. औंध नावाचं गाव थोडं आत आहे, तिथे डोंगरावर यमाई आहे, पंतप्रतिनिधींचं संग्रहालय आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक. शाळेची सहलही एकदा गेली होती. पण त्या सहलीतलं आठवतं ते एवढंच, की माझ्या डब्यातल्या लोणच्याचं तेल मैत्रिणीच्या पांढऱ्या रिबिनीला लागलं आणि ती परतताना माझ्याशेजारी बसली नाही. संग्रहालयात काय पाहिलं, शपथेवर सांगता येणार नाही.

या दिवाळीत मात्र औंधला थांबणं झालं, आणि ते का झालं ते आधी सांगायला हवं.

भाऊबीजेला साताऱ्याला सगळी चुलत-मावस भावंडं जमलो होतो. मुलांचा फोटो काढायचा ठरला. माझी धाकटी नऊ वर्षांची. रंगानं ती तिच्या वडिलांवर गेली आहे, आणि सुट्टीभर उन्हात खेळून आणखी रापली होती. नात्यातल्या एक बाई हसत म्हणाल्या, "ए हबशीण, तू कडेला उभी राहा गं, नाहीतर फोटो काळा येईल!" सगळे हसले. मैत्रिणींनो, खरं सांगते, मीसुद्धा हसले. वाईट हेतूनं नव्हे. अशा वेळी हसायचं असतं, एवढंच. फोटो निघाला आणि नंतर पाहिलं, तर त्यात आमची धाकटी नव्हतीच. ती मागच्या अंगणात भिजलेल्या फटाक्यांतली दारू कागदावर काढत बसली होती.

परत निघालो त्या सकाळी गाडीत तिनं विचारलं, "आई, हबशीण म्हणजे काय?"

मी अर्धवेळ का होईना, शिक्षिका आहे. चौथीच्या वर्गाला शिवरायांचा इतिहास शिकवते. तेव्हा शिक्षिकेच्या सुरातच उत्तर दिलं. हबश म्हणजे ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया. तिकडून आपल्याकडे आलेले ते हबशी, त्यांनाच सिद्दीही म्हणत. १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर त्यांच्यातलाच. निजामशाहीचा सगळा कारभार हातात घेतलेला मलिक अंबर हाही तिकडचाच. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा, पुढे वजीर झाला, मोगलांना त्यानं वर्षानुवर्षं जेरीस आणलं. १६१० साली खडकी हे शहर त्यानंच वसवलं. तेच पुढे औरंगाबाद झालं, आणि आता छत्रपती संभाजीनगर.

"मग ते एवढे शूर होते, तर ती शिवी कशी?"

आमचे हे आरशातून माझ्याकडे पाहत होते. मी खिडकीतून बाहेर पाहू लागले. कोरेगावच्या पुढे ऊस दिसत होता, तो पाहण्यासारखा होता असं नाही. शेवटी यांनीच विषय बदलला, "औंधला थांबायचं का? यमाईचं दर्शन होईल, पोरींना संग्रहालय दाखवू." वाटेत रडारड नको म्हणून मी लगेच हो म्हटलं.

साताऱ्याहून औंध चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. रहिमतपूरवरून रस्ता जातो. हा खटाव तालुका, पावसाचा बेभरवशाचा मुलूख. जसजसं पुढे जावं तसा ऊस विरळ होतो, ज्वारी दिसू लागते, आणि मग तो एकटा डोंगर. गावात एक यमाईचं देऊळ आहे, त्याच्या पुढची दीपमाळ मान दुखेपर्यंत वर पाहावी लागते अशी उंच. डोंगरावर मूळपीठ. त्याला किल्ल्यासारखा तट आहे. पायऱ्या आहेत, गाडीरस्ताही आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी गाडीरस्ता धरावा, पण निदान उतरताना तरी पायऱ्यांनी या. खाली सगळा मुलूख पसरलेला दिसतो. सोबत पाणी घ्या, आणि दुपारी बाराला चढू नका, आम्ही चढलो तशा.

मूळपीठातली यमाई काळ्या पाषाणाची आहे, माणसापेक्षाही थोराड, मांडी घालून बसलेली, चार हातांची. जोतिबानं तिला "ये माई" म्हणून हाक मारली म्हणून ती यमाई, अशी आख्यायिका. कितीतरी घरांची ती कुलस्वामिनी. गाभाऱ्यात नवी नवरी होती एक, हळदीच्या अंगाची. तिची सासू तिला सांगत होती, "नीट बघून घे देवीला, डोळे भरून." मीही डोळे भरून पाहिलं. धाकटी माझा पदर धरून उभी होती. ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही.

डोंगराच्या वाटेवरच भवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभं केलं. बाळासाहेब म्हटलं की आपल्याला सूर्यनमस्कार आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण ते स्वतः चित्रकार होते. 'चित्ररामायण' त्यांनी काढलं. कीर्तन करत. चित्रकारांना पदरी ठेवत. संस्थान तसं लहान आणि सलग नव्हे, तुकड्यातुकड्यांचं. इकडे औंध, तिकडे आमच्या सांगली जिल्ह्यातली आटपाडी, कुंडल. किर्लोस्करवाडी वसली ती याच राजानं १९१० साली दिलेल्या जागेवर. आणि त्याच किर्लोस्करवाडीहून १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं, जे आपल्या आज्या पदराखाली लपवून वाचत. म्हणजे आपण बायका या राजाच्या थोड्या देणेकरी आहोतच.

आत गेलं की पहिल्यांदा डोळे दिपतात. हस्तिदंती काम, चंदनी काम, जुनी लघुचित्रं, आणि युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकला. राजा रविवर्म्याची 'सैरंध्री' इथे आहे. तिच्यापुढे गर्दी हटत नाही. ते लुगडं, ती लाजून, भिऊन चोरलेली मान, तो नितळ गोरा हात. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "अगदी जिवंत हो!" मीही तेच म्हणणार होते.

आणि मग एका ठिकाणी दगडातलं एक शिल्प दिसतं. नाव 'आई आणि मूल'. दागिना नाही, चुणीदार पदर नाही, केसांची बट नाही. आई आणि मूल दगडातून पुरतेपणी सुटलेलीच नाहीत, दगडानं त्यांना धरून ठेवलं आहे असं वाटतं. लोक तिथे क्षणभर थांबतात आणि पुढे जातात. माझ्या मनात आलं, अर्धवट राहिलं असेल. पाटी वाचली, तर शिल्पकार हेन्री मूर! बी.ए.ला असताना हे नाव कुठेतरी वाचलं होतं. विसाव्या शतकातला इंग्लंडचा सर्वांत गाजलेला शिल्पकार. त्याची शिल्पं लंडन-न्यूयॉर्कच्या चौकांत उभी आहेत, आणि एक इथे, खटाव तालुक्यात.

मी अशी चकित होऊन उभी, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "आई, ही आपल्या माळ्यावरच्या बाईसारखी आहे."

आता ही माळ्यावरची बाई कोण, ते सांगते.

माझ्या आत्येसासूबाई लग्न होऊन १९६८ साली नैरोबीला गेल्या. यजमान तिकडे एका कंपनीत हिशेबनीस. सव्वीस वर्षं राहून दोघं परत आली, आणि येताना भावाच्या घरी, म्हणजे आमच्या घरी, भेट म्हणून एक लाकडी मूर्ती घेऊन आली. हातभर उंच. कोळशासारखं काळं, जड लाकूड. उभी बाई, लांब मान, पाठीशी बांधलेलं मूल. डोळे मिटलेले, ओठ जाड, पाय आखूड. मी लग्न होऊन आले तेव्हा ती दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये सर्वांत खालच्या कप्प्यात होती. वरच्या कप्प्यांत चिनी मातीच्या बाहुल्या, गोऱ्या गुलाबी, झालरींचे झगे घातलेल्या. माझं पहिलं बाळंतपण होतं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, गरोदर बाईच्या नजरेसमोर असलं काळं काही नको. मूर्ती माळ्यावर गेली. मलाही बरंच वाटलं, कारण रात्री पाणी प्यायला उठलं की ती मला दचकवायची.

पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या गावात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आयर्विन पुलाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली. आम्ही गावभागात राहतो. खालची खोली छताजवळपर्यंत बुडाली. शोकेस फुगून फुटलं, बाहुल्या गाळात गेल्या, लग्नातले फोटो गेले. माळ्यावरचं तेवढं राहिलं: पितळी पातेली, दोन वाकळा, आणि ती बाई. साफसफाई करताना मुलींनी तिला पाहिलं होतं. आम्ही पुन्हा तिथेच ठेवून दिली.

तर औंधहून निघालो. पुसेसावळी, विटा, मग तासगाव असे घरी आलो. उजव्या हाताला किर्लोस्करवाडीची पाटी आली तेव्हा मी ह्यांना 'स्त्री' मासिकाचं सांगितलं, पण डोक्यात लेकीचं वाक्य होतं. पोरीला हेन्री मूर ठाऊक नाही. तिनं नुसतं पाहिलं, आणि तिला दोन्हीत एकच काहीतरी दिसलं. ते खरंच होतं का?

सुट्टी संपेपर्यंत वाचनालयात जाऊन बसले, आणि आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचं डोकं खाल्लं. जे कळलं ते तुम्हांलाही सांगावंसं वाटतं.

हेन्री मूर हा यॉर्कशायरमधल्या एका कोळसा-खाण कामगाराचा मुलगा, जन्म १८९८ चा. आधी शाळामास्तर होता (हे वाचून मला उगाच आनंद झाला). १९२१ साली शिष्यवृत्ती घेऊन लंडनच्या कलाशाळेत आला. कलाशाळेत शिकवत होते ते ग्रीक-रोमन पद्धतीचं, म्हणजे आपल्या सैरंध्रीच्या घराण्यातलं. नाक नाकासारखं, बोट बोटासारखं. हा मात्र सवड मिळाली की ब्रिटिश म्युझियममध्ये जायचा, आणि तिथे इजिप्त, मेक्सिको, आफ्रिका यांच्या दालनांत रमायचा. आफ्रिकी कारागीर लाकडाचं लाकूडपण लपवत नाही, ओंडका जसा उभा तशी मूर्ती उभी, ही गोष्ट त्याला फार मोलाची वाटली. आपणही दगडाला मांस बनवायचं नाही, दगडच राहू द्यायचा, असं त्यानं ठरवलं. पुढे १९४१ साली त्यानं या 'आदिम' म्हणवल्या जाणाऱ्या कलेवर लेखही लिहिला आणि आपलं ऋण सांगितलं. सगळं आफ्रिकेकडूनच घेतलं असं नव्हे. त्याच्या आडव्या पहुडलेल्या प्रसिद्ध बायका मेक्सिकोच्या जुन्या शिल्पावरून सुचल्या. पण दगडातून न सुटणारी आई त्यानं जेव्हा घडवली, तेव्हा त्याच्या डोळ्यांत त्या दालनांतल्या आया होत्याच.

म्हणजे पोरीचं बरोबर होतं. काळ्या लाकडातल्या आईचं काही तरी लंडनला गेलं, आणि तिथून दगडात उतरून औंधच्या डोंगरावर आलं.

मूरच्याही आधी पॅरिसमध्ये हे घडलं होतं. १९०६च्या सुमारास मातिस, देरँ या चित्रकारांनी जुन्या बाजाराच्या दुकानांतून आफ्रिकी मुखवटे, मूर्ती विकत घेतल्या. १९०७ साली तरुण पिकासो तिथल्या त्रोकादेरो संग्रहालयात गेला. धुळीनं भरलेलं, कुबट वासाचं दालन होतं म्हणे. चित्र-शिल्पांचं संग्रहालय नव्हे ते. 'रानटी' लोकांच्या वस्तूंचं. त्याच वर्षी त्यानं पाच स्त्रियांचं ते मोठं चित्र पुरं केलं, ज्यापासून नवी चित्रकला सुरू झाली असं सगळे म्हणतात. आता ते न्यूयॉर्कला आहे. त्यातल्या उजवीकडच्या दोघींचे चेहरे मुखवट्यांसारखे आहेत. पुढे मोठा झाल्यावर पिकासो या प्रभावाबद्दल कधी बोले, कधी चक्क झटकून टाकी. उसनं घेतलेली साखर आठवत नाही, तसंच काहीसं!

पण तो मुखवटा तिथे पोचला कसा, ते वाचताना माझा चहा गार झाला. आजच्या नायजेरियात बेनिन नावाचं राज्य होतं. १८९७ साली इंग्रज फौजेनं ते जिंकलं, शहर जळालं, आणि राजवाड्यातले हजारो पितळी पट्ट, मुंडकी, हस्तिदंती वस्तू लुटून नेल्या. लंडनच्या विद्वानांनी त्या पाहिल्या आणि त्यांना प्रश्न पडला, असलं सफाईचं ओतकाम काळे लोक कसे करतील? कुणाला वाटलं, पोर्तुगिजांनी शिकवलं असेल, कुणाला वाटलं, मूळ इजिप्तचं असेल. वास्तविक ती मेण वितळवून धातू ओतायची रीत; आपले तांबट-ओतारी पंचधातूचे देव करतात तीच. त्या वस्तूंपैकी नऊशेहून जास्त ब्रिटिश म्युझियममध्ये अजून आहेत. जर्मनीनं मात्र २०२२ साली हजारांहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाला परत दिली.

तुम्ही म्हणाल, आफ्रिकेचं गाऱ्हाणं आपल्याला कशाला? तर ऐका. सर जॉर्ज बर्डवुड नावाचे एक साहेब. जन्म १८३२, आपल्या शेजारच्या बेळगावात. मुंबईच्या राणीच्या बागेतलं संग्रहालय उभं करण्यात त्यांचा हात होता. आपल्या विणकरांचं, सोनारांचं त्यांना मोठं कौतुक. पण मूर्तिकला? छे! १९१० साली लंडनच्या सभेत जावातल्या एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीचा फोटो पाहून त्यांनी तिला चरबी घालून उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली. आपल्या चार हातांच्या देवी त्यांच्या पुष्कळ पूर्वजांना राक्षसच वाटत आल्या होत्या. म्हणजे ज्या नजरेनं आफ्रिकेचा मुखवटा रानटी ठरला, तीच नजर आपल्या यमाईवरही फिरून गेली होती. फरक एवढाच, की आपण पुढे शिकून-सवरून ती नजर आपल्या डोळ्यांत घालून घेतली. रस्त्याकडेचा शेंदूर फासलेला म्हसोबा मला 'कला' वाटत नाही. सैरंध्री वाटते.

मुखवट्याबद्दल एक सांगते, हे मला गौरी आठवून सुचलं. आमच्या माहेरी उभ्या गौरी, पितळी मुखवट्यांच्या. वर्षभर त्या जुन्या साडीत गुंडाळून ट्रंकेत पडलेल्या असतात. मग आवाहनाच्या दिवशी धान्याच्या राशीवर, साडी-दागिन्यांत उभ्या केल्या, उंबऱ्यापासून कुंकवाची पावलं काढली, "गौर आली, कशाच्या पायी आली" झालं, की तो मुखवटा राहत नाही, माहेरवाशीण होतो. सासरी खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरचे पाच-सात खडे! त्यांना नाक नाही, डोळे नाहीत, आणि आपण त्यांना घावन-घाटलं दाखवतो. आता समजा, कुणी परका माणूस आला आणि ट्रंकेतला तो पितळी चेहरा तेवढा उचलून घेऊन गेला, त्याला खिळ्यावर टांगलं, आणि खाली लिहिलं, 'भारतीय मुखवटा, टोळी अज्ञात'. आफ्रिकेच्या मुखवट्यांचं असंच झालं. ते नाचाचे, पेरणीचे, मयताचे, पोरीबाळी वयात येण्याच्या सोहळ्याचे. त्यांच्याबरोबर गवताचा अंगरखा, ढोल, गाणं, सगळं गाव. भिंतीवर पोचलं ते नुसतं लाकूड. तरीही त्या लाकडात एवढं बळ, की पॅरिसचे चित्रकार हादरले.

१९८४ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयानं या विषयाचं प्रदर्शन भरवलं. पिकासोची चित्रं आणि शेजारी आफ्रिकी मूर्ती. पिकासोच्या खाली नाव, वर्ष. मूर्तीच्या खाली टोळीचं नाव. करणाऱ्याचं नाव नाही. त्यावर पुष्कळ टीका झाली. मला मात्र आमच्या दोन वाकळा आठवल्या, पुरातून वाचलेल्या. त्यातली एक कुणी शिवली, सासूबाईंना आठवत नाही. "कुणीतरी घरातल्याच बाईनं," म्हणतात.

एवढं सगळं वाचून मी एका रविवारी शिडी लावली. बाई खाली आणली. ओल्या फडक्यानं पुसली, थोडं खोबरेल लावलं. लाकूड चमकू लागलं. (काळ्या लाकडाला पॉलिश करू नका, खोबरेलाचा नुसता हात पुरतो, आणि मऊ सुती फडकं.) पाहिलं, तर आईची मान किंचित मागे वळली आहे, मुलाच्या श्वासाकडे लक्ष असावं तशी. इतकी वर्षं मला फक्त जाड ओठ दिसले होते.

संध्याकाळी आत्याबाई आल्या. आता त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, विश्रामबागेत लेकाकडे असतात. टेबलावर मूर्ती पाहून थबकल्या. मी उत्साहानं मूर, पिकासो, औंध, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी दिली तेव्हा तुम्हांला नको होती. आता साहेबानं चांगली म्हटल्यावर खाली काढलीस होय गं?"

मला उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही.

मग त्याच बोलत राहिल्या. मूर्ती विकणारा माणूस नैरोबीत दारावर यायचा. माचाकोसकडचा होता, कांबा लोकांतला; ते लोक कोरीवकामात पटाईत. आत्याबाईंनी किमतीत निम्मी घासाघीस केली होती. "आपण तरी काय वेगळे होतो?" त्या म्हणाल्या. "घरी स्वयंपाकाला माणूस होता, डोकं पांढरं झालेलं. त्याला सगळे 'बॉय' म्हणायचे. इंग्रज म्हणायचे म्हणून आपणही म्हणायचं. आपले कप वेगळे, त्याचा पत्र्याचा मग वेगळा. आपल्या पोरींना त्यांच्या पोरांशी खेळू देत नसू. आणि महाराष्ट्र मंडळात जमलो की आप्पासाहेब पंतांच्या गोष्टी मात्र अभिमानानं सांगायचो."

हे आप्पासाहेब म्हणजे औंधच्याच राजेसाहेबांचे चिरंजीव, आप्पा पंत. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली भारत सरकारचे पहिले आयुक्त म्हणून ते नैरोबीला गेले. तिथल्या हिंदी लोकांना ते सांगत, आफ्रिकी माणसाच्या बरोबरीनं उभे राहा. आफ्रिकी मुलांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून त्यांनी खटपट केली. जोमो केन्याटांशी त्यांची मैत्री होती. तेच केन्याटा, जे पुढे केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. इंग्रज सरकारला हे रुचेना, आणि १९५४ साली पंतांना तिथून हलावं लागलं. म्हणजे बघा, ज्या औंधच्या डोंगरावर मूरचं शिल्प आहे, त्याच औंधचा राजपुत्र नैरोबीत हे सांगत होता, आणि आमच्या घरात तिथून आलेली बाई माळ्यावर होती.

"त्या कोरणाऱ्याचं नाव काय होतं, आत्याआजी?" धाकटीनं विचारलं.

आत्याबाईंनी पुष्कळ आठवून पाहिलं. स्वयंपाक्याचं नाव त्यांना आठवलं, त्याच्या मुलाचंही आठवलं. याचं नाही. "विचारलंच नव्हतं गं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी धाकटीला जवळ ओढलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि तिला मूल पाठीशी कसं बांधतात ते माझ्या ओढणीनं करून दाखवलं. बाहुली घेऊन पोर घरभर हिंडली.

नात्यातल्या त्या बाईंना मी अजून काही बोललेले नाही. जानेवारीत त्यांच्याकडे मुंज आहे, पुन्हा सगळे जमतील, पुन्हा फोटो निघेल.

मूर्ती आता नव्या शोकेसमध्ये मधल्या कप्प्यात आहे. धाकटीनं औंधच्या संग्रहालयात पाहिल्या होत्या तशी एक चिठ्ठी, वहीचा कागद दुमडून, तिच्यापुढे उभी केली आहे. वर स्केचपेननं लिहिलंय: 'आई आणि मूल. लाकूड. केनिया. करणाऱ्याचं नाव विचारलं नव्हतं.'